प्लगच्या विहिरीला तेल लागलं तर : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका (जालना जिल्ह्यापुरती)

ही मार्गदर्शिका नव्या गाडीसाठी नाही, नव्या मालकासाठी आहे. म्हणजे गाडीच्या पाटीवर एमएच 12 किंवा एमएच 14 असतं, तिची उमेदीची वर्षं पुण्या-पिंपरीत गेलेली असतात आणि आता ती एमएच 21 च्या मुलखात उरलेले दिवस काढायला आलेली असते. विकणाऱ्याने "सिंगल ओनर, डॉक्टरांनी वापरलेली गाडी" अशी ग्वाही दिलेली असते. बाजारात डॉक्टरांनी वापरलेल्या गाड्या इतक्या आहेत, की ही मंडळी पेशंट कधी तपासतात असा प्रश्न पडावा.

आता पहिली खात्री. तुमची गाडी पेट्रोलची आहे ना? हसू नका. भोकरदन-जाफराबादच्या वाटेवर माणसं कोंबून धावणाऱ्या जीपगाड्या बहुतेक डिझेलच्या, आणि डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतोच. तिथं हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. हीटर प्लग असतो, पण त्याचं मुख्य काम गार इंजिन सुरू होईपर्यंतचं. तेव्हा डिझेल गाडीच्या बिलावर "स्पार्क प्लग, 4 नग" असं दिसलं तर पुढचं वाचू नका. गॅरेज बदला.

पेट्रोलवाल्यांनी पुढे यावं.

पायरी पहिली : लक्षणं ओळखा, पण लगेच काही करू नका

गाडी गर्दीत उभी असताना स्टिअरिंग थरथरतं. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये झटके बसतात. पिकअप मरतो, अ‍ॅव्हरेज पडतं आणि मागच्या सीटवरच्या सासूबाई "बैलगाडी बरी होती" असं खिडकीकडे बघून म्हणतात. या अवस्थेला आपल्याकडे "गाडी मिसिंग मारायली" असं म्हणायचं. म्हणजे चारपैकी एखादं सिलिंडर आपली पाळी चुकवतंय आणि बाकीची तीन त्याचं ओझं ओढतायत.

याच सुमारास डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. दिवा नुसता लागून राहिला असेल तर दोन-चार दिवसांत गाडी दाखवा. मात्र तो लुकलुकत असेल तर गाडी दामटणं तिथल्या तिथं थांबवा. ठिणगी न पडलेल्या सिलिंडरातलं कच्चं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, तिथं जळतं आणि त्या कन्व्हर्टरची आतली जाळी तापून वितळायला लागते. चार प्लगांचं दुखणं अशा रीतीने त्याहून कितीतरी महागड्या वस्तूवर जातं.

अशा दिव्यावर राजूरच्या गणपतीचं स्टिकर चिकटवण्याची एक पद्धत रूढ आहे. दिवा दिसेनासा होतो, हा तिचा फायदा. गणपती विघ्नहर्ता आहे यात वाद नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याच्या अखत्यारीत येत असल्याचा दाखला मात्र मला कुठल्या पोथीत मिळाला नाही.

पायरी दुसरी : मतं गोळा करा

बॉनेट उघडण्याआधी अंबड चौफुलीच्या आसपास चहाला जावं आणि विषय काढावा. किमान तीन मतं पडल्याशिवाय उठू नये.

पहिलं मत पेट्रोलावर पडेल. पूर्वी "रॉकेल मिसळतात" असं म्हणायची पद्धत होती, हल्ली इथेनॉलचं नाव घेतात. या मताचा मोठा गुण असा की ते सिद्ध करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही, त्यामुळे त्यावर दुसरा चहा सहज होतो.

दुसरं मत तरुणांचं. "समृद्धीवर घाला आन् एकशेवीसनं दामटून आणा. सगळा कचरा जळून जातो." गंमत म्हणजे हे अर्धं खरं आहे. प्लगचं टोक साधारण 450 ते 500 अंशांच्या वर तापलं की त्यावरची काजळी आपोआप जळते. रोज घर ते नवा मोंढा आणि मोंढा ते घर एवढंच फिरणाऱ्या गाडीचा प्लग कधी तेवढा तापतच नाही, म्हणून तो काळा पडतो. अशा गाडीला समृद्धीची हवा मानवते. पण इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असतं तेव्हा एकेका प्लगला मिनिटाला 1500 वेळा पेट्रोल पेटवायचं असतं. त्यातल्या शे-दोनशे वेळा तो दगा देत असेल, तर 120 च्या वेगात, मागे ट्रेलर लागलेला असताना, हा प्रयोग कुणाच्या भरवशावर करायचा हे ज्याचं त्याने ठरवावं.

तिसरं मत सगळ्यांत वजनदार. ते देणारे काका साठीच्या पुढचे असतात. "काही नाही रे, प्लग काढ, घास, लाव. पाच मिनिटांचं काम." यांचं मात्र आदराने ऐकून घ्यायला हवं, कारण त्यांनी एके काळी खरोखरच प्लग घासलेले आहेत.

1972 साली बजाजची चेतक आली आणि पुढची कित्येक वर्षं मराठवाड्यातल्या मास्तरांचा, तलाठ्यांचा, अडत्यांचा संसार तिच्यावर चालला. पुढे नवरा, मध्ये धाकटं, मागे बायको आणि समोर उभं थोरलं. ती जुनी चेतक टू-स्ट्रोक. पेट्रोल भरतानाच त्यात ऑइल मिसळायचं. ऑइल जळणं हे तिचं दुखणं नव्हतं, तो तिचा रोजचा आहार होता. साहजिकच प्लग ओला व्हायचा, काळा पडायचा. मग स्कूटर कडेला घ्यायची, उजव्या अंगाचं कव्हर काढायचं, प्लग पान्याने प्लग सोडवायचा, पॉलिश पेपरने टोक घासायचं, ब्लेडचं पातं घालून गॅप बघायचा, एक फुंकर मारायची आणि प्लग परत बसवायचा. दुसऱ्या किकला स्कूटर सुरू. पुढच्या डिकीत एक जादा प्लग फडक्यात गुंडाळून ठेवलेला असे, आणि तो प्लग ज्याच्याकडे नाही त्याच्याकडे मुलगी देताना लोक दोनदा विचार करत असं म्हणायला हरकत नाही.

एका अख्ख्या पिढीचा यावरून पक्का समज झाला की तेलकट प्लग म्हणजे घाण, आणि घाण घासली की गेली. चेतकपुरतं ते सोळा आणे खरं होतं. पण चारचाकीचं इंजिन फोर-स्ट्रोक. तिथं ऑइल आणि पेट्रोल यांची गाठ पडूच द्यायची नसते. दोघांचे रस्ते वेगळे, दोघांच्या मध्ये रबरी सील, रिंगा, पॅकिंग असे पहारेकरी. प्लगवर ऑइल दिसलं याचा अर्थ कुठला तरी पहारेकरी झोपला. घासून प्लग स्वच्छ होतो, पहारेकरी जागा होत नाही. पंधरा दिवसांनी, फार तर महिन्याने, प्लग पुन्हा तेलात. माझं विचाराल तर आपल्याकडच्या गॅरेजांचा निम्मा धंदा चेतकच्या पुण्याईवर चाललाय.

पायरी तिसरी : विहिरीत डोकावा

आता बॉनेट उघडा. जुन्या मारुती 800 मध्ये प्लग इंजिनाच्या अंगाला उघड्यावरच दिसायचे. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत ते तसे दिसत नाहीत. वरच्या टॅपेट कव्हरला भोकं असतात, त्या भोकांतून वीतभर खोल नळ्या खाली जातात आणि त्या विहिरींच्या तळाशी प्लग बसलेला असतो. वरून जाड एचटी वायरीचं रबरी बूट किंवा सरळ कॉइलच विहिरीत उतरलेली असते.

बूट वर ओढा. वायर धरून ओढू नका, बुटाला धरून थोडं पिळून ओढा. वायर धरून ओढली तर बूट खालीच राहतं आणि हातात नुसती वायर येते. कॉइल असेल तर आधी तिचा कनेक्टर काढा, मग बोल्ट, मग कॉइल. टॉर्च मारा. तळाशी काळं चकाकतंय? बुटाचं टोक चिकट, फुगलेलं, मऊ पडलेलं? अभिनंदन. ज्या जिल्ह्यात तीनशे फूट बोअर मारून फुफाटा निघतो, तिथं तुमच्या विहिरीला वितीवर लागलंय.

या घटकेला निम्मे लोक चुकीच्या दिशेला पळतात, म्हणून इथं थोडं थांबू. तेल कुठं आहे ते बघायचं. प्लगच्या वरच्या अंगाला, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीवर आणि बुटात, की खालच्या टोकाला, जिथं ठिणगी पडते तिथं?

वरच्या अंगाला असेल तर ते तेल टॅपेट कव्हराखालून पाझरलेलं. प्रत्येक विहिरीच्या काठाला एक रबरी सील असतं. वर्षानुवर्षं इंजिनाच्या उष्णतेत भाजून ते रबर कडक होतं, आकसतं, त्याला भेगा जातात. टॅपेटवर उडणारं ऑइल मग त्या काठावरून विहिरीत उतरतं. मोटार जिथं उन्हात बेचाळीस अंशांत उभी असते आणि तशीच सुरू करून पिटाळली जाते, तिथं रबराचं म्हातारपण लवकर येतं हे वेगळं सांगायला नको. हे ऑइल सिलिंडरात शिरलेलं नसतं. त्याचा त्रास बुटाला: रबर फुगतं, सैल होतं, त्यात धूळ आणि काजळी मुरते, आणि मग वीस-तीस हजार व्होल्टची वीज टोकापर्यंत जाण्याऐवजी मधूनच आडवाटेने विहिरीच्या भिंतीकडे पळते. ठिणगी पडते, पण नको तिथं.

खालच्या टोकाला तेल असेल तर प्रकरण घरातलं आहे. पिस्टनच्या रिंगा किंवा वाल्व्हची सीलं गेली. त्याचं पुढे बघू. उगाच आत्ताच घाबरून कुणाचा दिवस खराब करत नाही.

आणि टोक काळं आहे पण ओलं नाही, बोटाला कोरडी काजळी लागते? मग ते ऑइलच नाही. पेट्रोल जास्त जातंय, एअर फिल्टर तुंबलाय किंवा गाडी फक्त मोंढ्यापर्यंतच फिरतेय. समृद्धीवाल्या पोरांना चहा पाजा.

पायरी पाचवी : उस्तादांची गाठ

(चौथी पायरी "स्वतः करून बघा" ही होती. बायकोने वाचून काढून टाकायला लावली. पुढे थोडी डोकावेल.)

जालन्यात मेकॅनिकला उस्ताद म्हणायचं, मग तो बावीस वर्षांचा का असेना. उस्ताद दोन प्रकारचे. पहिला बॉनेट उघडायच्या आत निदान सांगतो.

"उस्ताद, गाडी लई मिसिंग मारायली."

"प्लग गए. चारों डाल देतूं. कायकू टेन्शन लेते?"

"विहिरीत ऑइल भरलंय पण."

"हौ, वो तो भरता. कपडे से पोंछ देते."

हा माणूस वाईट नाही. नवा प्लग, पुसलेली विहीर. गाडी त्या दिवशी खरंच मख्खन चालते. तुम्ही खूष, तो खूष. महिन्याने पुन्हा भेट होते, पुन्हा चार प्लग. या नात्याला आयुष्यभर खंड पडत नाही. ज्यांना गॅरेजमध्ये बसून गप्पा मारायला आवडतं त्यांच्यासाठी मी हाच उस्ताद सुचवीन.

दुसरा उस्ताद कमी बोलतो. आपल्याकडे बोअर घ्यायच्या आधी पाणाड्या बोलावतात. तळहातावर नारळ ठेवून तो रानात फिरतो, नारळ उभा राहिला की "इथं घ्या" म्हणतो. हाही तसाच. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. फरक इतकाच की याच्या हातात हल्ली नारळासोबत स्कॅनरही असतो. स्कॅनरवर पी 0301 आलं तर पहिलं सिलिंडर, पी 0302 आलं तर दुसरं. पी 0300 म्हणजे नक्की एक नाही, फिरून फिरून सगळीच. समजा पी 0302 आलं, तर तो दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर बसवतो, तिसऱ्याची दुसऱ्यावर, आणि गाडी पुन्हा चालवतो. दोष कॉइलबरोबर पी 0303 वर सरकला तर कॉइल गुन्हेगार. जागचा हलला नाही तर कॉइल सुटली. मग याच रीतीने प्लग बदलून बघायचा. कोर्टात इतका सरळ निकाल लागत असता तर अर्ध्या भावकीच्या जमिनी सुटल्या असत्या.

या उस्तादाला ओळखायची खूण सांगतो. तो पहिला प्रश्न विचारतो, "ऑइल ऊपर है के नीचे?" हा प्रश्न ऐकलात की खुर्ची ओढा आणि मुकाट बसा.

पायरी चौथी, जी काढून टाकली होती

तरीही ज्यांना स्वतःच करायचंय त्यांच्यासाठी. इंजिन थंड हवं. इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. गरम हेडमधून प्लग पिळून काढताना आटे प्लगबरोबर बाहेर येण्याचा संभव असतो आणि मग प्लगचं काम लेथवर जातं. उन्हाळ्यात जालन्यात इंजिन थंड सापडण्याची वेळ म्हणजे पहाट. कुंडलिकेच्या काठी फिरायला जाणारे लोक थांबून चौकशी करतील. उत्तर द्यायला बांधील नाही.

चार वायरी असतील तर काढण्याआधी त्यांवर 1, 2, 3, 4 आकडे लिहा. तुम्हाला वाटेल, चार तर वायरी, लक्षात राहतील. राहत नाहीत. चार सिलिंडरचं इंजिन बहुतेक वेळा 1-3-4-2 या क्रमाने पेटतं, आणि वायरींची अदलाबदल झाली की इंजिन फटाके वाजवतं. शेजारी दिवाळीची तारीख विचारायला येतात.

आता विहीर उपसायची, आणि प्लग सोडवायच्या *आधी* उपसायची. प्लग आधी काढला तर साचलेलं सगळं तेल, वाळू, कचरा भोकातून सिलिंडरात पडतो. एमआयडीसीत स्टीलच्या भट्ट्यांजवळ किंवा घनसावंगीच्या मातीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीच्या विहिरीत काय काय जमलेलं असतं ते एकदा बघाच; तो कचरा सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे काढतो. कॉम्प्रेसरची हवा सरळ आत सोडू नका, सगळं तेल तोंडावर येईल. जनावरांच्या औषधाच्या दुकानातून मोठी सिरिंज आणा, पुढे सलाइनची नळी लावा आणि तेल ओढून घ्या. दुकानदार "गाय का म्हैस?" असं विचारेल. म्हैस म्हणा, मोठी मिळते.

राहिलेलं फडकं काडीला गुंडाळून पुसा. इथं जिल्ह्याच्या अभिमानाला जरा मुरड घालावी लागेल: कापूस वापरू नका. कापसाच्या बियाण्याने जालन्याचं नाव देशभर केलं, महिको 1964 साली इथंच उभी राहिली, सगळं कबूल. पण कापसाचे तंतू विहिरीत सुटतात आणि प्लगबरोबर आत जातात. धागा न सुटणारं जुनं सुती धोतर चालेल. शेवटी ब्रेक क्लीनरचा फवारा, तोही थंड इंजिनावर, आणि तो पूर्ण उडून जाईपर्यंत इग्निशनला हात नाही. बाटलीतून पेट्रोल ओतून धुणारे लोकही आहेत. त्यांच्या विम्याचा हप्ता भरलेला असावा.

मगच प्लग पाना. गोटीचं माप 16, जुन्या गाड्यांना बहुधा 21, काही नव्या गाड्यांना 14. नवा प्लग पान्याने आत ढकलू नका. वीतभर पेट्रोलचा पाइप घ्या, त्याच्या तोंडात प्लगचं डोकं खोचा आणि पाइप बोटांनी फिरवत प्लग आटे धरेपर्यंत बसवा. आटे तिरपे लागले तर पाइप हातातच घसरतो, पाना घसरत नाही, तो आटे खातो. हाताने पूर्ण बसला की मग पाना: 14 मिलिमीटर आट्याच्या, वॉशरवाल्या नव्या प्लगला अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. बस्स. "अजून एक झटका देतो" म्हणणाऱ्या मेव्हण्याला चहा आणायला पाठवा.

गॅप पुस्तकात दिलेला असेल तोच. ब्लेडचं पातं चेतकबरोबर गेलं, फीलर गेज वापरा. इरिडियमचे प्लग तर ठोकून-वाकवून बघायचेच नाहीत. त्यांचं टोक केसाएवढं असतं आणि मान लगेच टाकतं.

तेलात फुगलेलं बूट धुऊन परत घालायचा मोह होईल, कारण नव्या वायरींचा संच महाग. रबराने तेल प्यायलं की ते पुन्हा घट्ट होत नाही. गॅसवर चालणारी गाडी असेल तर हे लगेच उघडं पडतं: सीएनजीला ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून पेट्रोलवर शहाण्यासारखी चालणारी गाडी गॅसवर टाकली की मिसिंग मारते, आणि बिचाऱ्या गॅस किटवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. वायर तपासायची असेल तर रात्री अंधारात इंजिन सुरू ठेवून बघा. गळकी वायर निळसर ठिणग्या दाखवते. दाखवायला बोलावलेल्या मुलांना हात मागे बांधायला सांगा.

प्लग बॉडीला टेकवून "ठिणगी बघू" हा चेतकच्या जमान्यातला कार्यक्रम इथं रद्द समजावा. बाजूला उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असते, शिवाय हल्लीच्या कॉइलची इलेक्ट्रॉनिक्स या करमणुकीत जळते.

मूळ काम, ज्याला पायरीचा क्रमांक नाही कारण इथंवर कुणी पोचत नाही

टॅपेट कव्हर उघडा. त्याचं पॅकिंग आणि विहिरींच्या काठाची सीलं बदला. एवढंच. काही गाड्यांत सीलं कव्हरातच बसवलेली असतात आणि सुटी मिळत नाहीत, तिथं अख्खं कव्हर घ्यावं लागतं. पण बऱ्याच गाड्यांत या रबराच्या रिंगा चांगल्या प्लगांच्या संचापेक्षा स्वस्तात येतात. म्हणूनच त्या बदलायचं कुणाला सुचत नाही. हातात धरून दाखवता येईल असं त्यांत काही नाही. प्लग कसा भारदस्त: पांढरा, चकचकीत, खोक्यातून निघतो, गिऱ्हाइकाला पैसे गेल्याचं समाधान देतो.

कव्हर बसवताना दोन मोह टाळायचे. पहिला सिलिकॉनचा. आपल्याकडे नव्या पॅकिंगवरही ट्यूबभर बाँड फासतात, दिवाळीच्या करंजीची कड लावल्यासारखा नव्हे, तर गिलावा केल्यासारखा. बाहेर दिसतो तेवढाच आतही दाबला जातो, सुटून ऑइलमध्ये पडतो आणि खाली ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन अडकतो. पुस्तकात सांगितलंय तिथं, कोपऱ्यांवर, थेंबभर. बाकी पॅकिंग कोरडं.

दुसरा मोह ताकदीचा. कव्हरचे बोल्ट बोटाएवढे, त्यांना मनगटाची ताकद पुरे. मधून सुरुवात करून आलटूनपालटून बाहेर जायचं, दोन-तीन फेऱ्यांत थोडं थोडं आवळायचं. एकाच कोपऱ्यातून सगळं आवळत गेलात तर कव्हर दुसऱ्या कोपऱ्याला उचलतं, आणि कव्हर प्लॅस्टिकचं असेल तर तडकतं.

हात घातलाच आहे तर पीसीव्ही वाल्व्हही बघून घ्या. इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढायची ती वाट. ती गाळाने तुंबली की आत दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं. नवी सीलंही मग फार काळ तग धरत नाहीत. ऑइल काठीवरच्या वरच्या खुणेच्या पुढे भरण्याची सवय असेल तर तीही सोडा. "थोडं जास्त असू द्या, इंजिनाला बरं" हा पाहुणचार इंजिनाला सोसत नाही.

तेल खालच्या टोकाला निघालं असेल तर

ज्यांना मघाशी थांबवून ठेवलं होतं ते आता बसा. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना निळ्या धुराचा एकच भपका येतो आणि मग धूर जातो? बहुधा वाल्व्हची सीलं. गाडी जोरात पळवताना मागे निळा पट्टा राहतो? बहुधा रिंगा. कॉम्प्रेशन मोजून घ्या. कमी भरलं तर सिलिंडरात थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्या, कारण ऑइलने त्यांच्या फटी तात्पुरत्या बुजवल्या. चढला नाही तर दोष वर, वाल्व्हकडे.

इथं कुणीतरी "गरम प्लग टाका, ऑइल जळून जाईल" असा तोडगा सांगेल. जास्त तापणारा प्लग टोकावरचं ऑइल जाळतो हे खरं, पण मोठ्या रस्त्यावर तोच प्लग ठिणगीची वाट न बघता पेट्रोल पेटवू लागतो आणि पिस्टनला भोक पडायची पाळी येते. ऑइल पिणाऱ्या इंजिनाला आधी कुठलं सील, कुठली रिंग हे शोधायचं. वाल्व्हची सीलं असतील तर काम आटोक्यात राहतं. रिंगा असतील तर "इंजिन उतरवायचं" हा शब्द निघतो, घरात सगळे खाली बसतात, आणि लग्न ठरवताना करतात तशी चौकशी सुरू होते: कुठल्या गॅरेजला, कुणी केलं, किती घेतले, पुढे किती टिकलं.

काम झाल्यावर

बदललेली सीलं उस्तादाकडून मागून घ्या आणि बोटांत दाबून बघा. नवं सील वाकतं, जुनं बांगडीसारखं कट्कन मोडतं. हे एकदा केलंत की पुढच्या वेळी काकांशी वाद घालायला बरं पडतं.

पाचेकशे किलोमीटर झाल्यावर टॉर्च घेऊन विहिरी पुन्हा बघा. कोरड्या ठणठणीत असतील तर ही एकच जागा, जिथं जालन्याच्या माणसाला कोरडी विहीर बघून आनंद होतो. पण तो गावभर सांगत सुटू नका. लग्नसराईत ज्याची गाडी नीट चालते त्याच्याकडेच वरमाय आणायला गाडी मागायला येतात. आलेच तर ब्रेकचं काम निघालंय म्हणा. ब्रेकचं नाव काढलं की चेतकवाले काकासुद्धा "मग राहू दे" म्हणून एसटी स्टँडचा रस्ता धरतात.